तळ्यातून तबकड्या काढणारा इल्पो

इल्पो ह्युत्तिनेन आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात बटाट्यांची जाळीची पिशवी होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. फरशी नुकतीच पुसून झाली होती. मी काही बोलायच्या आत त्यानं पिशवी थेट माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्या तुमच्या आहेत."

आत आमच्या तबकड्या होत्या. वाचनालयाचा शिक्का अजून वाचता येत होता. आमच्याकडून लोक पुस्तकांबरोबर स्कीच्या काठ्या नेतात, बर्फाला भोक पाडायचं गिरमीट नेतात, आणि उन्हाळ्यात डिस्क गोल्फच्या तबकड्या नेतात. परत देताना मान खाली घालून सांगतात, एक हरवली.

"कुठे मिळाल्या?" मी विचारलं.

"तळ्यात."

"आणि तू काढल्यास?"

"मग काय त्या पोहत आल्या?"

एवढं बोलून तो जाईल असं मला वाटलं. पण तो गेला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला, वर्तमानपत्रं अडकवलेल्या दांड्यांकडे बघत. बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ह्याला बोलायचंय आणि ह्याच्याकडे आता विषय उरलेला नाही. मी कॉफी ओतली.

तसा इल्पो गावात सगळ्यांना माहीत होता. सरोवराच्या चिंचोळ्या भागात पूर्वी फेरीबोट चालायची, लोखंडी दोरावरून ओढली जाणारी, गाड्या पलीकडे नेणारी. ती फेरी इल्पो चालवायचा. ऐन तारुण्यात तिच्या केबिनमध्ये शिरला तो केस पिकल्यावरच बाहेर पडला. पलीकडे जायला फार वेळ लागत नसे. तेवढ्यात लोक गाडीची काच खाली करायचे, हवेबद्दल बोलायचे, मासे लागतायत का विचारायचे, कुणाकडे बाळ झालं ते सांगायचे. किनारा आला की काच वर. इल्पोचं बोलणं आयुष्यभर एवढ्याच मापाचं राहिलं. घरी बोलायचं खातं बायकोकडे होतं. सिनिक्का सकाळी उठल्यापासून बोलायची आणि इल्पो मधूनमधून हुंकार द्यायचा. दोघांचं छान चाललं होतं.

एका हिवाळ्यात सिनिक्का गेली. वसंतात फेरीच्या जागी पूल उघडला. रस्ते खात्याच्या लोकांनी फेरीवर निरोपाचा केक कापला, त्यावर साखरेची होडी होती. इल्पो घरी आला, हाउकी तळ्याकाठच्या त्या पिवळ्या घरात, आणि मग कुणी काच खाली करायला उरलंच नाही.

मूल नव्हतं. भाऊ होता, तो स्वीडनला. नाताळात त्याचं कार्ड यायचं.

नगरपालिकेनं तळ्याच्या बाजूच्या जंगलात डिस्क गोल्फचं मैदान केलं ते त्यानंतर. खेळ साधा: दूरवर एक लोखंडी खांब, त्याला साखळ्या लटकवलेल्या, खाली टोपली. हातातली ताटलीएवढी प्लास्टिकची तबकडी फेकत फेकत टोपलीपर्यंत न्यायची, कमी फेकींत जो नेईल तो जिंकला. आमच्याकडे आता फुटबॉलपेक्षा हेच जास्त खेळतात. पण मैदान आखणाऱ्याला गंमत सुचली. त्यानं एक टोपली अशी ठेवली की तबकडी तळ्यावरून पलीकडे फेकावी लागते. चांगल्या खेळाडूची जाते. बाकीच्यांची जाते, जाते असं वाटतं, आणि मग डुबुक.

पहिला उन्हाळा इल्पोनं खिडकीतून ती डुबुक ऐकण्यात आणि पाठोपाठ येणाऱ्या शिव्या ऐकण्यात काढला. त्याला ते आवडत नव्हतं. लोक अंगणातून जायचे, सिनिक्काच्या लाल बेरीच्या झुडपांवरून पाय टाकायचे. मग शरद ऋतूत एक दिवस सान्तू त्याच्या होडीच्या धक्क्यावर पँट काढताना दिसला.

सान्तू म्हणजे टायरच्या दुकानातला मिस्त्री, तिशीतला, आवाज असा की जंगलातली हरणं पळावीत. इल्पो बाहेर आला.

"काय करतोस?"

"तबकडी गेली आत. नवी होती रे! बायकोनं वाढदिवसाला दिलेली. रिकाम्या हातानं गेलो तर घरात घेणार नाही."

"पाणी गार आहे."

"ते दिसतंय मला."

"जळवा पण आहेत," इल्पो म्हणाला.

सान्तूचा एक पाय पँटमध्येच राहिला. "जळवा? कसल्या?"

"घोड्याला लागतात त्या. मोठ्या."

तळ्यात जळवा फारशा नव्हत्या, असं इल्पोनं मला नंतर सांगितलं. पण माणूस अंगणात येऊन गार पाण्यात उडी मारतो आणि आपण खिडकीतून बघत बसतो, हे त्याला बरं वाटेना. त्यानं शेडमधून त्याच्या वडिलांची आकड्याची काठी काढली. पूर्वी नदीतून लाकडाचे ओंडके सोडत, ते ढकलायची ती. काठी लांब होती, पण तिचा आकडा ओंडक्यासाठीचा. तबकडीला लागला की ती गाळात आणखी खाली जाई. दोघं धक्क्यावर पालथे पडून खूप वेळ झटत राहिले. शेवटी इल्पोनं घरातून कपड्याच्या हँगरची तार आणली, वाकवली, टोकाला चिकटपट्टीनं बांधली. तार तबकडीच्या कडेखाली सरकली आणि तबकडी गाळाचा ढग उठवत वर आली.

"अरे वा!" सान्तू ओरडला. "इल्पो, तू तर जादूगार निघालास!"

मग तो पँट चढवून गेला. जाताना त्यानं काच वर केल्यासारखा हात केला, असं इल्पो म्हणाला. त्याला दुसरी उपमा माहीत नव्हती.

त्या हिवाळ्यात इल्पोच्या शेडमध्ये दिवा जळायला लागला. तो अवजारं करत होता. काठाजवळच्या तबकड्यांसाठी खिडक्या पुसायची लांबणारी काठी, टोकाला जाड तारेचं वाकवलेलं बोट. खोल पाण्यासाठी बागेतलं दंताळं: दांडा काढलेला, जाळ्याची शिशाची वजनं बांधलेली, मागे दोर. ते लांब फेकायचं, तळाला बसू द्यायचं आणि हळूहळू ओढत आणायचं. झाडांत अडकलेल्यांसाठी दोरीला वाळूची छोटी पिशवी, ती फांदीवरून टाकून फांदी हलवायची. आणि सगळ्यांत त्याची आवडती म्हणजे तळाच्या जागी काच बसवलेली बादली. होडीतून वाकून ती पाण्यावर टेकवायची आणि आत डोकं घालायचं. पाण्यावरची चमक बाजूला राहते आणि तळ स्वच्छ दिसतो. "खाली फार शांत असतं," त्यानं मला सांगितलं. "गवत हलतं. मधूनच एखादी गुलाबी तबकडी पडलेली. कुणीतरी ताट ठेवून उठून गेल्यासारखी."

खेळाडू तबकडीच्या मागे मार्करनं नाव आणि फोन नंबर लिहितात. इल्पोच्या हाती ते नंबर आले, आणि त्याला कामच मिळालं.

तो संध्याकाळी जेवण झाल्यावर फोन करायचा. आधी दाढी करायचा. हे त्यानंच सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

"हॅलो. इल्पो ह्युत्तिनेन, हाउकी तळ्यावरून. तुझी केशरी तबकडी माझ्याकडे आहे."

"काय विकतोयस?"

"काही नाही. परत देतोय."

"हो, पण शेवटी काय विकणार आहेस?"

पटायला वेळ लागायचा. पटलं की माणसं खूश व्हायची. कुणी सांगायचं, ती माझी पहिली तबकडी होती. कुणी सांगायचं, ज्या दिवशी हरवली त्याच दिवशी माझी नोकरी गेली. एका बाईनं लांबच्या गावाहून फोनवर आपल्या नातवाला ओरडून सांगितलं, मिळाली रे मिळाली! मग ते घ्यायला यायचे, इल्पो कॉफी करायचा, दालचिनीचे पाव बेकरीतून आणून ठेवलेले असायचे.

"आज किती फोन केलेस?" मी एकदा विचारलं.

"एकच."

"पिशवी तर भरलेली दिसतेय."

"सगळे आजच केले तर उद्या काय करू?"

मी कप विसळायला वळले.

एक-दोन उन्हाळे असे छान गेले. मग हळूहळू सगळं सोयीचं होत गेलं. लोक म्हणायला लागले, अरे, फाटकावर ठेवून दे ना, जाता जाता घेईन. इल्पोनं फाटकाला लाकडी खोकं ठोकलं, वर झाकण, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. ते इतकं सोयीचं झालं की दार वाजवायची कुणाला गरज राहिली नाही. मग फोनही उचलेनासे झाले. मेसेज पाठव म्हणायचे. इल्पो मोठ्या बोटानं एकेक अक्षर शोधून मेसेज लिहायचा आणि उत्तरात त्याला उभा अंगठा यायचा.

आणि मग दुकानात तबकड्या काढायची तयार अवजारं आली. सान्तूनं पहिलं घेतलं आणि कौतुकानं इल्पोला दाखवायला आला.

"बघ! मिटलं की पिशवीत मावतं. उघडलं की घराच्या छपरापर्यंत जातं."

इल्पोनं ते हातात घेतलं, उघडलं, मिटलं, टोकाचं कडं बोटानं वाकवून पाहिलं.

"चांगलं आहे."

"तुझ्यापेक्षा?"

"हलकं आहे. माझ्यानं एवढं हलकं झालं नसतं."

त्यात कडवटपणा नव्हता. त्याला ते खरंच चांगलं वाटलं होतं. सान्तूही काही वाईट माणूस नव्हता. तो आनंदानं शीळ घालत गेला, आणि त्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या पिशवीला तसली काठी दिसायला लागली. ज्यानं त्यानं आपली आपण काढायची. दुसऱ्या कुणाची चुकून वर आली तर इल्पोच्या खोक्यात टाकायची, ही पद्धत तेवढी राहिली.

जूनच्या अखेरीस तो वाचनालयात आला. हातात पिशवी नव्हती.

"तुइया, तुमच्या जुन्या झालेल्या तबकड्यांचं तुम्ही काय करता?"

"टाकून देतो. कडा फाटतात ना."

"मला दे."

"खेळायला लागतोस की काय?"

"बघू."

मी खूश झाले. पेटीभर काढून दिल्या. त्यानं मार्कर मागून घेतला, खिडकीजवळच्या टेबलाशी बसला आणि प्रत्येक तबकडीवर ठळक अक्षरांत आपलं नाव आणि नंबर लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत. मला वाटलं, बरं झालं, चार माणसांत जाईल.

तो चार माणसांत गेला नाही. ह्या तबकड्या त्यानं मैदान रिकामं असताना धक्क्यावरून तळ्यात टाकल्या. एका दिवशी एक. कुणाच्या तरी काठीला लागेल, कुणीतरी नंबर वाचेल आणि फोन करेल: हॅलो, तुझी तबकडी माझ्याकडे आहे.

कुणीच फोन केला नाही. एक-दोन वर आल्या खऱ्या. ज्यांना मिळाल्या त्यांनी पद्धतीप्रमाणे त्या इल्पोच्या खोक्यात टाकल्या आणि पुढे गेले. सकाळी खोकं उघडलं की आत त्याचीच तबकडी, त्याचंच नाव. तो ती घेऊन होडीत बसायचा आणि आणखी खोल जागी सोडून यायचा.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की ऑगस्टमध्ये आमच्या फलकावर नगरपालिकेची सूचना लागली आणि इल्पो ती पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तळ्याच्या बांधाच्या फळ्या कुजल्या होत्या. दुरुस्तीसाठी पाणी सोडणार होते. डिस्क गोल्फ क्लबच्या लोकांनी खाली लिहिलं होतं: सगळ्यांनी गमबूट घालून या, तळ साफ करू, हरवलेलं परत नेऊ.

"किती सोडणार पाणी?" इल्पोनं विचारलं.

"तळ दिसेपर्यंत, असं म्हणतायत."

तो टोपी न घालताच बाहेर गेला.

त्यानंतर येता-जाता मला तो होडीत दिसायचा. पाऊस लागून राहिला होता. तो काचेच्या बादलीत डोकं घालून वाकायचा, मग उठून दंताळं फेकायचा, ओढायचा, गवताचा भारा झटकायचा, पुन्हा फेकायचा. मी सायकल थांबवून हाक मारली, "अरे, पुढच्या आठवड्यात आपोआप वर येतील सगळ्या! कशाला भिजतोस?" त्यानं हात केला आणि दंताळं परत फेकलं. काही त्याच्या हाती लागल्या असतील. पण पावसानं पाणी गढूळ झालं होतं आणि गाळानं बाकीच्या झाकून टाकल्या होत्या.

पाणी सोडलं त्या शनिवारी अर्धं गाव जमलं. मीही गेले, वाचनालयाच्या तबकड्या गोळा करायला. तळं म्हणजे काळा, चकचकीत चिखल, मध्ये थोडं डबकं, आणि चिखलात सगळीकडे रंगीत ठिपके. लोक हसत होते, बूट रुतत होते, कुणी पडत होतं. इल्पो काठावर होता, हातात तारेची काठी घेऊन, पण नजर डबक्याकडे.

सान्तू सगळ्यांत आत गेला होता. तो तबकडी उचलायचा, चिखल पुसायचा आणि नाव पुकारायचा. ज्याचं नाव येई तो ओरडायचा. बक्षीस समारंभासारखं चाललं होतं.

"इल्पो!" सान्तूनं पुकारलं. लोक हसले. "अजून एक, इल्पो! अरे ही पण इल्पो! काय रे, तू कधीपासून खेळतोस?"

आणखी हशा. सान्तूनं आणखी एक उचलली, पुसली, वाचली, आणि पुकारली नाही. पुढची उचलली. तीही नाही. त्याच्या हातात तबकड्यांची चळत होत गेली, सगळ्या आमच्या, वाचनालयाच्या, जुन्या, आणि सगळ्यांवर तेच ठळक नाव. त्या धक्क्यासमोरच्या एका पट्ट्यात पडल्या होत्या, खेळणाऱ्याची तबकडी कधी जाणार नाही अशा जागी. एकेक करून माणसं गप्प होत गेली. एक बाई उगाच खाली वाकून बुटाचा पट्टा बघायला लागली. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या क्लबच्या खजिनदारानं नाक शिंकरलं. तो आवाज तळ्याच्या पलीकडे गेला.

इल्पो चिखलात उतरला. सान्तूपर्यंत चालत गेला, बूट उपसत, सावकाश.

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला. "खेळतोय. नीट जमत नाही."

सान्तूनं वरच्या तबकडीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला.

"ते दिसतंच आहे," शेवटी तो म्हणाला. "एकही पलीकडे गेली नाही?"

"वारा असतो."

"हो. वारा असतो इथे." सान्तूनं चळत त्याच्या हातात दिली. "रविवारी ये. वाऱ्यात कशी फेकायची ते दाखवतो."

"रविवारी?"

"का, काही काम आहे?"

"नाही," इल्पो म्हणाला. "काम नाही."

अशा रीतीनं आपल्याच थापेनं बांधला जाऊन इल्पो खेळायला लागला. पहिल्या रविवारी मीही गेले. आम्ही चार-पाच जण होतो. इल्पो तबकडी दोर फेकल्यासारखी फेकायचा, सगळा खांदा लावून, आणि ती झाडावर आपटून त्याच्याच पायाशी यायची. "छान, छान," सगळे म्हणायचे. "मनगट सैल ठेव. छान." शेवटच्या टोपलीपाशी मात्र त्याची फेक अचानक जमली. निळी तबकडी वर चढली, वाऱ्यानं उचलली, टोपलीवरून, झाडांवरून, मागच्या दलदलीत दिसेनाशी झाली. सान्तूनं आणि मी काठावरून शोधलं. पाय घातला की पाणी वर यायचं. सान्तूची काठीही उपयोगाची नव्हती, इल्पोचं दंताळंही.

"राहू दे," इल्पो म्हणाला. खरोखर हरवलेली अशी ती त्याची पहिली तबकडी.

तो आणखी काही रविवार आला आणि मग येईनासा झाला. गुडघ्यांचं कारण सांगितलं. बर्फ पडल्यावर एकदा वाचनालयात आला तेव्हा मी म्हटलं, सान्तू विचारत होता.

"चांगला आहे तो," इल्पो म्हणाला. "सगळेच चांगले आहेत. पण माझ्याशी हळू बोलतात. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. पूर्वी सान्तू ओरडायचा."

त्या हिवाळ्यात तो गावात फारसा दिसला नाही. दुकानात यायचा, दूध आणि काळा पाव घ्यायचा, जायचा. तळं पुन्हा भरून गोठलं होतं. फाटकावरच्या खोक्यावर बर्फाची उशी बसलेली.

फोन वाजला तो पुढच्या जुलैच्या शेवटी, भर दुपारी. त्यानं तो इतक्या वेळा मला सांगितला की मी तिथेच होते असं वाटतं.

"तू इल्पो ह्युत्तिनेन का?" बाईचा आवाज, खणखणीत.

"हो."

"तुझं ताट माझ्याकडे आहे."

"ताट?"

"निळं. मागे नाव घातलंय. ताटावर नाव कोण घालतं? विसरायला होतं म्हणून का?"

"ते ताट नाही. खेळायची तबकडी आहे."

"बरं झालं सांगितलंस. मी कुत्र्याला त्यात जेवायला वाढतेय. कडा चावल्यात त्यानं."

"चालेल. कुठे मिळाली?"



"ते मी सांगणार नाही."

"का?"

"कारण तिथे हिल्लाची फळं पिकतात. एवढी टपोरी, पिवळीधमक. माझ्या सख्ख्या बहिणीला ती जागा मी सांगितलेली नाही, तुला सांगू?"

"मला माहीत आहे," इल्पो म्हणाला. "मैदानाच्या मागची दलदल. मीच फेकली."

"अरे देवा. कुणाला बोललास तर याद राख."

"मी कुणाशी बोलतच नाही."

त्यानं ते आहे तसं सांगितलं होतं. पण बाई हसली, आणि बराच वेळ हसत राहिली.

तिचं नाव कैसू. दलदलीच्या पलीकडच्या वाडीत एकटी राहायची, इल्पोपेक्षा थोडी लहान, कंबर दुखणारी. इल्पो सायकलवरून तबकडी आणायला गेला. कॉफी झाली, हिल्लाचा मुरंबा झाला, कैसूनं कंबरेपासून सरकारपर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं. मग इल्पोच्या अवजारांचं कळल्यावर म्हणाली, "मग माझ्या विहिरीतली बादली काढून दे की."

दुसऱ्या दिवशी तो दंताळं सायकलला बांधून गेला. बादली निघाली. तिच्या मागून एक काळवंडलेली पितळी किटलीही वर आली. कैसूनं ती ओळखली.

"म्हणजे आर्मासनं चोरली नव्हती तर!" ती म्हणाली. आर्मास तिचा शेजारी. "ह्या किटलीवरून इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही."

"मग आता बोल."

"मेला ना तो." ती किटली घेऊन पायरीवर बसली. इल्पो तिच्या बाजूला बसला.

तो उन्हाळा त्याला बरा गेला. आठवड्यातून एकदा सायकल तिकडे जायची. पण कैसूचं घर आधीच विकायला काढलेलं होतं; कंबरेनं लाकडं फोडवत नव्हती. ऑक्टोबरमध्ये ती तुर्कू शहरात बहिणीकडे राहायला गेली, कुत्र्यासकट. इल्पोनं खोकी ट्रकमध्ये चढवायला मदत केली.

बर्फ पडायला लागल्यावर तो वाचनालयात आला. मी विचारलं, "कैसूचा फोन येतो का?"

"सुरुवातीला आला."

"मग तू कर."

"कशासाठी करू? तिचं काहीच माझ्याकडे नाहीये."

"इल्पो," मी म्हटलं, "फोन करायला वस्तू कशाला लागते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बेकायदेशीर सुचवलं असावं तसा. मग कॉफी न घेताच गेला. बाहेर सायकलशी उभा राहिला, हातमोजे काढले, घातले, परत काढले, खिशातून फोन काढून कानाला लावला. मी पुस्तकांच्या गाडीकडे वळले.

पुढच्या आठवड्यात त्यानं सांगितलं. कैसूनं आधी खडसावलं, एवढे दिवस कुठे होतास म्हणून. मग तिथल्या लिफ्टबद्दल सांगितलं, ती मध्येच अडकते. मग बहिणीबद्दल, तीही तशीच आहे.

"आणि तू काय बोललास?"

"ती बोलते. मी असतो."

अजून तो तिला फोन करतो. रोज नाही, रोज करायला त्याला संकोच वाटतो. सुरुवात दरवेळी तीच: "काही काम नव्हतं." बाकीचे दिवस पूर्वीसारखेच जातात. सान्तू रस्त्यात भेटला की हॉर्न वाजवतो. तळ्यात कधीतरी डुबुक होते आणि जो तो आपल्या काठीनं आपली तबकडी काढून नेतो. इल्पो होडी उपडी करून ठेवतो, शेडचं दार लावतो, आणि अंधार पडायच्या आत एका माणसापुरती कॉफी चढवतो.